तिला हवा असलेला मासा

माझ्या बायकोची वाचा लकव्यात गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बोलणं गेलंय, पण समज बहुतेक शाबूत असावी. बघत राहा." मी सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेला कारकून. साहेबांच्या शेऱ्यातला कुठला शब्द वाचायचा आणि कुठला नजरेआड करायचा, एवढी एकच विद्या मला नोकरीनं शिकवली. 'बहुतेक' हा शब्द मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सोडला आणि पुण्याला असलेल्या मुलीला फोनवर कळवून टाकलं, "आईची समज शाबूत आहे. डॉक्टरच म्हणाले."

उजवी बाजू गेली होती. डावा हात चालायचा, मान हलायची, आणि तोंडातून एकच आवाज निघायचा: "च्च." आता गंमत अशी, की संसारभर तिनं मला उद्देशून सगळ्यांत जास्त वापरलेला आवाज तोच. मी कपाटाची किल्ली विसरलो, च्च. मी दुधाच्या पिशवीऐवजी ताकाची आणली, च्च. भेटायला येणाऱ्यांना मी सांगायचो, "भाषा सगळी गेली, माझ्याबद्दलचं मत तेवढं राहिलंय." लोक हसायचे. मी पण हसायचो, आणि हसता हसता तिच्याकडे बघून घ्यायचो, तीही हसतेय का म्हणून.

खाणं मात्र तुटत चाललं होतं. पातळ खिचडी केली की चार घास, वरण-भात केला की दोन. चमचा पुढं केला की ओठ घट्ट. अशात एका दुपारी शेजाऱ्यांकडं मासे तळायला घेतले. खिडकीतून वास आला आणि हिनं मान तिकडं वळवली. नुसती वळवली नाही, डावा हात उचलून खिडकीकडं केला. मी पळत जाऊन खुर्चीसमोर उकिडवा बसलो.

"मासा पायजे का? अगं, मासा?"

हात तसाच खिडकीकडं. मला एवढा आनंद झाला की मी उठताना टीपॉयवर गुडघा आपटून घेतला.

आता इथं माझी अडचण सांगितली पाहिजे. बायको गंगाखेडच्या बाजूची, गोदाकाठच्या गावातली. आमच्याकडं गोदावरीला सरळ गंगाच म्हणतात. ती गंगेच्या पाण्यावर आणि गंगेच्या माशांवर वाढलेली. मी वालूरकडचा. आमच्या ओढ्याला पाणी असायचं ते पावसाळ्यापुरतं, त्यात बेडूक निघाला तरी पोरं बघायला गोळा व्हायची. मासा म्हणजे आठवडी बाजारातून कागदात बांधून आणलेलं सुकट, अशी माझी लग्नापर्यंत समजूत होती. पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा मेहुण्यानं घाटावर एक जिवंत मासा माझ्या हातात दिला. "धरा दाजी, तुमच्यासाठीच काढलाय." तो वळवळला. मी किंचाळलो आणि दोन्ही हात झटकले. मासा हवेतून थेट गंगेत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की जावई लय दानशूर हाय, मासा गंगेला वापस केला.

त्यांच्या घरात आणखी एक रीत होती. मासा बाईनं घ्यायचा. गड्यानं पिशवी धरून बाहेर उभं राहायचं. सासूबाईंचं म्हणणं, गडी माणूस भावाकडं बघतो, माशाकडं बघत नाही. ही रीत माझ्या बायकोनं लग्नानंतर परभणीला आल्यावरही चालवली. मासळी बाजारात ती आत जायची, मी चहाच्या टपरीजवळ पिशवी धरून उभा. तिथून ती नुसती पाठमोरी दिसायची. वाकायची, एखादा मासा उचलायची, गालाचं झाकण उघडून आत बघायची, पोटावर बोट दाबायची, परत ठेवायची. मासेवाल्या बायका तिला वचकून असायच्या. मग पिशवीत काहीतरी ओलं, जड पडायचं आणि आम्ही घरी. "काय आणलं?" म्हणून विचारलं तर म्हणायची, "आज मोठा आणलाय," नाहीतर "आज बारका आणलाय." एवढ्या वर्षांच्या संसारात मला माशांच्या दोनच जाती ठाऊक झाल्या, मोठा आणि बारका. आणि दोन्ही रश्श्यात छान लागतात.

एवढ्या ज्ञानावर मी पिशवी घेऊन पहिल्यांदा बाजाराच्या आत गेलो.

थर्माकोलचे खोके, बर्फ, पाण्याचे ओघळ आणि मासेच मासे. आंध्राचा माल, येलदरी धरणाचा माल, गंगेचा माल, असं सगळे ओरडत होते. एका खोक्यावरच्या दाढीवाल्या भल्या माणसानं मला बरोबर ओळखलं, म्हणजे माझी लायकी ओळखली.

"आओ चच्चा. क्या होना?"

"मासा," मी म्हणालो.

त्यानं खोक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मच्छीच है चच्चा सब. कौनसी होना?"

"ताजी आहे का?"

"अभ्भीच आयी!"

जगातला कुठला मासेवाला या प्रश्नाला 'नाही' म्हणाला असेल? पण मी समाधानानं मान हलवली आणि लाल छातीचा, गोलसर, दिसायला एकदम रुबाबदार असा एक मासा घेतला. नाव म्हणे रूपचंद. "साफ करके देऊ?" त्यानं विचारलं. मला वाटलं, मासा मुळात पाण्यातलाच, तो अजून किती साफ करणार. नको म्हणालो आणि तसाच घेऊन आलो.

घरी ताटात ठेवून तिच्यापुढं धरला. तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं आणि आत चक्क माणसासारखे दात. माझ्यापेक्षा बरे होते. मुलीनं मोबाईलवर काहीतरी टाकून दिलं होतं, फोटो काढला की वस्तू ओळखतं म्हणून. फोटो काढला, तर मोबाईल म्हणाला, हा दक्षिण अमेरिकेच्या नद्यांमधला. मी तिला म्हणालो, "बघ, तुझ्यासाठी अमेरिकेहून मागवलाय."

"च्च." आणि मान डावी-उजवी.

तरी मी शिजवला. खवल्यांसकट. रश्श्यावर अभ्रकाचे तुकडे तरंगावेत तसं काहीतरी तरंगत होतं. तिनं तोंड उघडलं नाही, हे तिच्या शहाणपणाला धरूनच झालं. मी खाल्ला आणि दोन दिवस घशात खरवडत राहिलं.

पण मी खूश होतो. का, तर तिनं नाही म्हटलं म्हणून. माणसाला काय नको ते कळतं, म्हणजे काय हवं ते आत कुठंतरी पक्कं असणार, असा माझा हिशोब. तिच्या मनात एक मासा होता, आणि त्याचं नाव सांगायला तोंड नव्हतं, एवढंच. तो मासा मी शोधून आणला की ती मान वर-खाली करणार, खाणार, आणि डॉक्टर, मुलगी, शेजारीपाजारी सगळ्यांना कळणार की ही आत जशीच्या तशी बसलेली आहे, फक्त दार अडकलंय. मला त्या दाराची किल्ली पाहिजे होती. किल्ल्या विसरण्यात माझा हातखंडा, पण ही मी विसरणार नव्हतो.

म्हणून पुढच्या खेपेला मी खवलेच नसलेला, पांढरट, गुळगुळीत मासा आणला. मासेवाल्यानं त्याला पंकज म्हटलं. च्च. त्यानंतर मोठ्या डोक्याचा कटला. च्च. मग मिशांचा एक, ज्याच्या काट्यानं माझा अंगठा फुगला. च्च. एकदा खोक्यात लांबच लांब, चट्ट्यापट्ट्यांचा प्रकार दिसला, मी साप साप म्हणून मागं सरकलो आणि एका बाईच्या झिंग्यांच्या टोपल्यात बसलो. ती वाम निघाली, खायची असते. झिंग्यांत बसल्यावर झिंगे घ्यावेच लागतात, ते पण घेतले. च्च.

चहाच्या टपरीवाला म्हणायचा, "काका, आता तुमी आत जायला लागलाव, म्हंजे परगती हाय." दर खेपेला घरी येऊन मी तिला बाजारातला तमाशा सांगायचो, साप कसा धावून आला, झिंगे कसे चिकटले. ताट पुढं करायचो. ती बघायची. मान डावी-उजवी.

ती मान इतरही वेळी हलायची. मुलगी व्हिडिओ कॉलवर दिसली की हलायची. ऊन लागतंय का, विचारलं की हलायची, आणि लागत नाहीये ना, विचारलं तरी हलायची. ते मी मनावर घेतलं नाही. आजारी माणसाची तऱ्हा असते. माशाचं वेगळं होतं. माशात ती चुकणार नाही, याची मला खात्री होती.

शेवटी एसटीनं गंगाखेड गाठलं. तिची मोठी बहीण तिथंच असते. अक्का अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. मी सगळी कहाणी सांगितली आणि विचारलं, "अक्का, लहानपणी तिला आवडायचा तो मासा कोणता? त्याचं नाव काय?"

"नाव?" अक्कांनी लसणाची पाकळी माझ्याकडं रोखली. "नाव कशाला पायजे दाजी? घरात त्याला हाका मारायच्या होत्या का? आला की चिरायचा न् कालवण करायचं."

"तरी, दिसायला कसा?"

"माशासारका."

"अक्का!"

"आवं, मग काय सांगू? गंगंला जे गावायचं ते खायचो. आता बंधारा झाला, पाणी हलंना, त्यातलं निम्मं गावत बी न्हाई." मग त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "एक सांगा. एवढी वर्सं पिशवी धरून हुबं ऱ्हायलाव, कदी आत वाकून बघितलं न्हाई?"

"नाही."

"धन्य हाव." त्यांनी पुढची पाकळी सोलायला घेतली. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते लसणाचं नव्हतं. "असं करा, तिलाच न्या की बाजारात. तोंडानं सांगता येईना, पर हात हाय ना? ती बघल न् बरुबर उचलल. मासा तिच्या हाताला कळतो."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. येताना एसटीत मी एकटाच हसत होतो. शेजारी बसलेला माणूस उठून पुढच्या बाकावर गेला.

फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीनं हरकत नाही म्हटलं. रविवारी सकाळी बायकोला न्हाऊ घातलं, बाजारात जाताना नेसायची ती मळकट हिरवी साडी मुद्दाम नेसवली, म्हणजे मी आणि शेजारणीनं मिळून गुंडाळली. रिक्षात बसवलं, चाकाची खुर्ची घडी करून मागं टाकली. पिशवी माझ्याकडं. टपरीवाल्यानं लांबूनच बघितलं आणि कपबशी हातात धरून उभाच राहिला.

खुर्ची आत ढकलली तसा बाजार हलला.

"बाई आल्या! आगं, बाई आल्या!"

जिच्याशी हिची वर्षानुवर्षं भांडणं चालली, ती उंच, जाड आवाजाची मासेवाली मासे तोडायच्या ओंडक्यापुढून उठून आली. हातातला कोयता खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले. "बाई, किती वाळलाव ओ! काका, बाईला काय खाऊ घालायलाव का न्हाई?" मग खुर्चीपुढं वाकून, अगदी मोठ्यानं, जणू लकवा कानाला झालाय: "बाई, तुमी न्हाई तर बाजारात मजा न्हाई. कुनी गाल उघडून बघत न्हाई. जे देईल ते नेतेत लोकं. हे तुमचे काका तर साप बी नेतील!"

सगळा बाजार हसला. मी सगळ्यांत जोरात. ती बघत होती, बर्फाकडं, माशांकडं, ओल्या फरशीकडं. मला तिचा चेहरा उजळल्यासारखा वाटला. मी खुर्ची अगदी मालापर्यंत नेली आणि वाकून कानात म्हणालो, "घे. तुला पायजे तो उचल."

डावा हात उठला. हात खोक्यावरून फिरला, मरळांवरून, रोहूवरून, आणि ओंडक्याच्या बाजूला एका पोत्यावर वेगळ्या काढलेल्या माशांवर जाऊन थांबला. त्यातला एक तिनं उचलला. डोळे खोल गेलेला, पांढरा पडलेला, पोट फुटायला आलेलं. माझ्यासारख्यालासुद्धा वास आला. तिनं गाल उघडला नाही. पोट दाबलं नाही. मांडीवर ठेवला आणि मान हलवली. वर-खाली.

कितीतरी दिवस जी मान वर-खाली हललेली बघायला मी डोळ्यांत प्राण आणून बसलो होतो, ती अशी हलली.

मासेवाली पटकन खाली बसली. आवाज एकदम बारीक. "बाई, हा न्हाई. हा परवाचा हाय. कुत्र्याला काढून ठेवलाय." स्वतःच्या मालाला शिळं म्हणताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिनं तो मासा हळूच काढून घेतला आणि टवटवीत मरळ पुढं धरला. "हा बघा. हा पायजे?"

मान वर-खाली.

मग काय मनात आलं कुणास ठाऊक, मासेवालीनं शेजारच्या खोक्यातला रूपचंद उचलून दाखवला. वर-खाली. झिंग्यांची मूठ. वर-खाली. मासेवालीनं माझ्याकडं बघितलं. रिकामा हात पुढं करून 'हा पायजे?' विचारायचं तेवढं राहिलं होतं, ते तिनं केलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं होतं, आणि दोघांनाही ते दुसऱ्याला कळू द्यायचं नव्हतं.

घरी मान डावी-उजवी हलायची, इथं वर-खाली हलत होती. आत निवडणारं कुणी नव्हतं. मी इतके दिवस ताट धरून ज्या माणसाच्या होकाराची वाट बघत होतो, ते माणूस बोलण्याबरोबरच निघून गेलं होतं, बहुधा त्याच दिवशी, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं म्हणा. डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं होतं, तोच मी पायऱ्यांवर सोडून आलो होतो.

मासेवाली उभी राहिली आणि तिच्या नेहमीच्या, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "घ्या! बाईनं मरळ निवडला! अख्ख्या मालात एक नंबर! नजर बघा की बाईची!"

"हां, बाईकी नजर!" पलीकडून दाढीवाला बोलला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणाला खरं कळलं, कुणाला नाही, मी बघितलं नाही. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं होतं, माझं नेहमीचं काम. मासेवालीनं मरळ खरवडला, तुकडे केले, काळजीनं धुतले, आणि पिशवीत टाकल्यावर वरून मूठभर बारके मासे घातले. पूर्वी ते वरचे बारके मासे घेतल्याशिवाय आमची बाई हलायची नाही, त्यावरूनच निम्मी भांडणं व्हायची. त्या दिवशी मागणारं कुणी नव्हतं. "काका," ती हळू म्हणाली, "तुमी येत जावा. मी देईल चांगला."

रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून बसली. रस्त्याला खड्डा आला की तिचं डोकं माझ्या हनुवटीला लागायचं. मी तिला गोष्ट सांगायला लागलो, आज बाजारात कोण कसं हसलं, कोण काय म्हणालं. सवय. मग गप्प बसलो. मग पुन्हा सांगायला लागलो, कारण गप्प बसणं जास्त अवघड होतं.

संध्याकाळी अक्कांना फोन करून विचारलं आणि त्या सांगतील तसं केलं. खोबरं भाजलं, तीळ भाजले, चिंच कोळली. अक्कांनी विचारलं, "उचलला का तिनं बरुबर?" मी म्हणालो, "बरोबर उचलला." त्या रडायला लागल्या, म्हणाल्या, "म्हनलं न्हवतं का मी?" पहिल्यांदाच माझा रस्सा रश्श्यासारखा दिसत होता. मी भात कुस्करला, मरळाचा तुकडा बोटांनी मोकळा केला आणि घास पुढं केला.

तिनं तोंड उघडलं. खाल्ला. दुसराही खाल्ला. आपण होऊन तोंड उघडत होती. एवढे दिवस ज्यासाठी देव पाण्यात घातले असते, ते समोर घडत होतं, आणि मला ताट बाजूला ठेवून बाहेर जावंसं वाटत होतं. गेलो नाही. तिसरा घास कालवला.

तेवढ्यात मुलीचा फोन. मी स्पीकरवर टाकला, कारण हात खरकटे.

"बाबा, नेलं होतं का आईला? मिळाला मासा?"

"मिळाला."

"कोणता निघाला शेवटी?"

"मरळ."

"आणि ओळखला आईनं? खरंच?"

मी बायकोकडं बघितलं. ती शांतपणे चघळत होती, ओठाच्या कोपऱ्यातून रस्सा ओघळला होता. तो मी मनगटानं पुसला.

"बघता क्षणी," मी म्हणालो. "अख्खा बाजार बघत राहिला."

पलीकडं ती नाक ओढत हसली. "बघा! आणि तुम्ही फोनवर कसले घाबरल्यासारखे बोलत होता. बाबा, मी शनिवारी येते. आपण तिघं जाऊ बाजारात. मला बघायचंय ती कशी निवडते ते. नेऊ ना?"

"नेऊ की," मी म्हणालो. आणि पुढचा घास बोटांनी दाबून बघितला, काटा राहिला तर नाही ना.